काजळीचा गोल

६ जानेवारी

धुऊन वाळत घातलेल्या चादरी आज पुन्हा मशीनमध्ये टाकाव्या लागल्या. कारण नेहमीचंच, दादाची पिकअप. अंगणात उलटी घेतो, मागच्या भिंतीला लावून उभी करतो आणि इंजिन बंद न करता तसाच बसून राहतो. सायलेन्सरमधून भसाभसा काळा धूर. निम्मा भिंतीवर बसतो, निम्मा माझ्या दोऱ्यांवर.

काजळीचा नियम असा आहे की ती आधी झटकायची, ओल्या हाताने पुसायची नाही. ओली केली की धाग्यात घर करते. हॉटेलच्या लाँड्रीत मी हे नव्या मुलींना शिकवत होते. आता घरच्या माणसाला शिकवायची वेळ आली. एक चादर त्याच्या नाकासमोर धरली, ठिपक्यांवर बोट ठेवलं. तर म्हणतो, "कुठाय काळं?" इतका निबरपणा कुठून आणतो देव जाणे. लहान असते तर आईकडे जाऊन चुगली केली असती.

हॉटेलची नोकरी सोडून दादाच्या अंगणात ही लाँड्री काढली तेव्हा ठरलं होतं की मशीन माझी, गाडी त्याची, इस्त्री वहिनीची. सध्या दोन गेस्ट हाऊसचं काम आहे, त्यावर वीजबिल निघतं एवढंच. खरी आशा मोठ्या हॉस्पिटलची. त्यांच्या मेट्रनबाई येऊन जागा बघणार, काम बघणार. पसंत पडलं तर सगळ्या वॉर्डांच्या चादरी आमच्याकडे. नाही पडलं तर मी पुन्हा हॉटेलच्या मॅनेजरसमोर हात जोडून उभी. ते माझ्याच्याने व्हायचं नाही.

११ जानेवारी

वहिनीला हल्ली पिकअपमध्ये बसायचं वेड लागलंय. माल पोचवायला दादा निघाला की ही एप्रन काढून शेजारी हजर. लग्न झालं तेव्हा फिरायला गेले नव्हते ते आत्ता जातायत वाटतं. इकडे इस्त्रीचं टेबल ओस पडतं आणि इस्त्रीवाले काका एकटे घाम गाळतात. मी विचारलं तर म्हणे, "घरात बसून कंटाळा येतो, ताई."

आज गेस्ट हाऊसवाल्याशी बोलायचं होतं म्हणून मीही गाडीत गेले. बाईचं तोंड एक क्षण बंद नाही. अहो, डावीकडे तो सायकलवाला बघा किती रमतगमत चाललाय. अहो, पुढचा सिग्नल लाल झाला वाटतं. त्या बाईने बघा कसा मध्येच रस्ता ओलांडला. माझं डोकं उठलं. दादा मात्र मुकाट्याने हूं हूं करत होता. पूर्वी गाडी चालवताना कुणी शिंकलं तरी खेकसायचा हा माणूस. वय झालं की पुरुष बायकोच्या मुठीत जातात म्हणतात, ते काही खोटं नाही.

१५ जानेवारी

मिस्त्रीला मीच बोलावलं. त्याने पिकअपचं बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून ऐकलं आणि सांगितलं की नोझल गेलेत, डिझेल नीट जळत नाही, धूर त्याचा आहे. दोन-तीन दिवस गाडी गॅरेजला सोडा, धूर बंद करून देतो. मला वाटलं, सुटले.

दादा म्हणाला, "बघू."

बघू हा आमच्या दादाचा ठेवणीतला शब्द. त्याचा अर्थ 'नाही' असा. मी म्हटलं, मी स्वतः नेऊन सोडायची व्यवस्था करते. म्हणाला, गाडीला कुणी हात लावायचा नाही. मिस्त्री बिचारा हात पुसून चहा पिऊन गेला. वहिनी काही बोलेल म्हणून तिच्याकडे बघितलं, तर ती खाली मान घालून उशांचे अभ्रे मोजत बसली होती. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

२१ जानेवारी

आज माझा तोल गेला.

भिंतीवर सायलेन्सरच्या समोर गुडघ्याइतक्या उंचीवर एक काळा गोल झालाय. दिवाळखोर नवरा लपवावा तसा मी तो आल्यागेल्यापासून लपवत असते, पुढे बादल्या ठेवते, टोपल्या ठेवते. दादा त्या काढून बाजूला करतो. आधी तो गोल ताटलीएवढा होता. आता परातीएवढा झालाय आणि काळाही असा की बोट लावलं तर बोटाचा शाईचा ठसा व्हावा.

आज कुठे जायचं यायचं नव्हतं. तरी हा गाडीत बसला, इंजिन सुरू केलं आणि भिंतीला सायलेन्सर लावून रेस करत राहिला. मुद्दाम! मी दोरीवरून चादरी ओढून काढेपर्यंत अंगण धुराने भरलं. मग खाली उतरला आणि भिंतीच्या अगदी जवळ जाऊन, वाकून तो डाग बघत उभा राहिला. मान या बाजूला कर, त्या बाजूला कर. मग दहा पावलं मागे जाऊन पुन्हा बघितलं. जसं काही प्रदर्शनात मांडायचाय.

मी म्हटलं, "लाज वाटते का रे? माझ्या पोटावर पाय देतोयस तू."

तो म्हणाला, "राहू दे की, बारके, ती एवढी भिंत. तुला काय करायचंय?"

एवढंच. आवाज चढवला नाही, भांडला नाही. भांडला असता तर बरं वाटलं असतं. मी दार आपटून आत गेले.

२८ जानेवारी

अबोला चालू आहे. चहा मात्र मीच देते, तोही शब्द न बोलता. आज कप त्याच्या कोपराशी ठेवला तर हात लागून पाडला आणि वर मलाच सांगतो, समोर ठेवत जा ना. म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा.

सकाळी गच्चीवर चादरी झटकत होते. तो आणि वहिनी माल घेऊन निघाले होते. फाटकाशी गाडी थांबली, त्याने खिडकीतून मान वर केली. अबोला असला म्हणून काय झालं, मी सवयीने हात केला. त्याने बघून न बघितल्यासारखं केलं आणि गेला. मला ते लागलं. हॉटेलात माझी पहाटेची पाळी असायची तेव्हा हाच मला याच पिकअपमधून सोडायचा. मी गेटमधून आत जाऊन मागे वळून हात करेपर्यंत हलायचा नाही. अंधारात, धुक्यातसुद्धा त्याला माझा हात दिसायचा. आज लख्ख उन्हात दिसला नाही. एका भिंतीसाठी माणूस इतका राग धरतो.

४ फेब्रुवारी

मेट्रनबाईंचा निरोप आला. सोमवारी सकाळी येणार. मी पहिल्यांदा दादाला सांगितलं, अबोला गेला चुलीत. त्याच्या चेहऱ्यावर एकदम असं काही आलं की मला वाटलं रडतो की काय. म्हणाला, "लागू दे बाई एकदा तुझं काम. मग मी सुटलो."

आता यात सुटण्यासारखं काय आहे? मी एवढी डोईजड झालेय का? पण आनंदात होते म्हणून सोडून दिलं.

८ फेब्रुवारी, रविवार

भिंत पांढरी केली. एकदाची.

दादा आणि वहिनी गेस्ट हाऊसला गेले होते तेवढ्यात मी आणि काकांनी हात धुऊन घेतले. काजळी आधी सुक्या ब्रशने झाडली, मग साबणाने घासली, तरी भिंतीने सोडली नाही. रंगाचा पहिला हात दिला तर त्यातून काळं डोकवायला लागलं. दुसरा दिला, तिसरा दिला. काका म्हणाले, ताई, आता मेट्रनबाईंना भिंतीत तोंड बघता येईल.

ते दोघं संध्याकाळी परत आले. रंग ओला आहे, गाडी आज बाहेर गल्लीतच लाव, असं मी फाटकातच सांगितलं. वहिनी आत आली आणि भिंत बघून जागच्या जागी उभी राहिली. "हे कशाला केलंत, ताई?"

घ्या! शाबासकी राहिली बाजूला. मी म्हटलं, उद्या एवढी मोठी बाई येणार, तिच्यासमोर तोंडाला काळं फासून बसायचं होतं का? दादा हळूहळू भिंतीपाशी गेला. हात पुढे करून उभा राहिला. रंग हाताला लागला तेव्हा कुठे थांबला. "कुठे होता गं तो?" असं म्हणाला, टोमणाच मारला. वहिनी म्हणाली, ताई, तुम्हाला एक सांगायचंय. दादा म्हणाला, "आज नको. उद्या होऊन जाऊ दे तिचं."

रुसले असतील दोघं. रुसू देत. उद्या वहिनीला मी कुठे जाऊ देणार नाही. काका एकटे किती करतील? नवे काळे एप्रन आणलेत, ते घालून तिने आणि काकांनी टेबलाशी उभं राहायचं. बाईंना सगळं कसं जिथल्या तिथे दिसलं पाहिजे.

९ फेब्रुवारी

वहिनी ऑपरेशनला आत आहे. मला लिहिता येत नाही.

१२ फेब्रुवारी

लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

सोमवारी सकाळी वहिनी इस्त्री करत होती. मी दादाला म्हटलं, गल्लीतून गाडी आत घे आणि भिंतीला लाव, बाई आल्या की माल चढवताना दिसू दे. तो वहिनीकडे तोंड करून थांबला. मी म्हटलं, "तिला कशाला? अंगणात गाडी घ्यायला बायको लागते का तुला?" मी हे हसून म्हटलं. काकाही हसले. तो गाडीकडे गेला.

फाटकातून गाडी उलटी आत येताना आवाज झाला तशी वहिनीने हातातली इस्त्री तशीच आडवी टाकली आणि पळत सुटली. मला वाटलं, हिला झालं काय. ती भिंतीपाशी गेली, जिथे तो डाग होता नेमकी तिथे, आणि भिंतीवर हात आपटून ओरडायला लागली, अहो, थांबा, थांबा. गाडी थांबली नाही. अगदी सावकाश, रोजच्यासारखी, सरळ रेषेत तिच्याकडे येत राहिली. मी पोचेपर्यंत हौद्याचा मागचा भाग तिला लागला होता. मांडीचं हाड मोडलं. अभ्रा जळल्याचा वास येत होता आणि कुणालाच इस्त्री उचलायचं सुचत नव्हतं.

त्याच वेळी मेट्रनबाई फाटकातून आत आल्या. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. जमिनीवर बसल्या, दाखवायला काढून ठेवलेल्यातली एक चादर मागितली, फाडली आणि पाय बांधला. गाडी मागवून त्यांच्याच हॉस्पिटलात नेलं.

दादा बाकावर बसला होता. मी त्याला वाटेल ते बोलले. आंधळा आहेस का, असंही म्हटलं.

तो म्हणाला, "हो."

मग सगळं सांगितलं. दीड-दोन वर्षांपासून नजर जातेय. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग सगळंच धुरकट. पांढऱ्या भिंतीवरचा काळा गोल तेवढा आरशात दिसायचा. तो धरून गाडी मागे घ्यायची, गोल आरशाच्या खालच्या कडेला आला की थांबायचं. नजर कमी होत गेली तसा गोल मोठा करावा लागला. मिस्त्रीने धूर बंद केला असता तर गोल पुसट झाला असता, म्हणून बघू, बघू.

"आज भिंतीवर काहीच सापडेना. तरी वाटलं, मागे घेत राहू, जवळ गेल्यावर दिसेल. आणि दिसलं, बारके. काळं दिसलं. मी म्हटलं, चला, आहे बाबा गोल. पुरता पुसला गेला नाही हिच्याकडून."

तो तिचा एप्रन होता.

१४ फेब्रुवारी

वहिनी शुद्धीवर आहे, बोलते. तिने माझा हात धरला आणि मला रडूसुद्धा येईना, आधी रागच आला. म्हटलं, तुम्ही दोघं गाडी घेऊन भर रस्त्याने हिंडत होता? कुणाचं पोर मध्ये आलं असतं तर? ती म्हणाली, "म्हणून तर मी शेजारी बसत होते." हे काय उत्तर झालं? तिलाही माहीत आहे, हे उत्तर नाही. मान वळवून रडत राहिली.

थोड्या वेळाने म्हणाली, ताई, तुम्ही नोकरी सोडून आला होता. गाडी थांबली असती तर तुमचं सगळं थांबलं असतं. ते म्हणायचे, हॉस्पिटलचं काम एकदा लागू दे. मग ड्रायव्हर ठेवू, मग तिला सांगू.

मला आठवलं, मग मी सुटलो, असं तो म्हणाला होता. मी त्याचा काय अर्थ लावला होता!

ती रोज टेबल सोडून जायची म्हणून मी किती बोलले तिला. सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. सायकलवाला, सिग्नल, रस्ता ओलांडणारी बाई. माझे डोळे तर धडधाकट आहेत.

१९ फेब्रुवारी

दादाला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. मी मनाशी धरून बसले होते की मोतीबिंदू असेल. ऑपरेशन होईल, पट्टी सुटेल, हा पुन्हा माझ्यावर खेकसेल. काचबिंदू निघाला. बाई शांतपणे म्हणाल्या की यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायला थेंब घालायचे. उरलेली किती आहे, मी विचारलं. त्यांनी दादाकडे बघितलं आणि म्हणाल्या, थेंब चुकवू नका.

रिक्षात बसल्यावर दादाने हात चाचपत दांडी धरली. मग म्हणाला, "पण मी उलटी एकदम सरळ घ्यायचो, नाही का गं?"

मी म्हटलं, "एकदम सरळ. तुझ्यासारखी कुणाला जमत नाही." नंतर मला तोंड फिरवून बसावं लागलं. त्या बिचाऱ्याला वाटत होतं की तो माझ्याकडे बघतोय, पण बघत होता रिक्षावाल्याच्या पाठीकडे.

२६ फेब्रुवारी

मेट्रनबाईंचा माणूस आला. काम आम्हालाच दिलंय, तुम्हाला जमेल तेव्हा सुरू करा म्हणाला. काकांनी देवाला हात जोडले. मी कागदावर सही केली आणि आत जाऊन मशीनच्या मागे बसून रडले. ज्या कामासाठी मी भिंत घासली ते काम मिळालं. वहिनीच्या पायात सळई आहे आणि माझ्या नशिबात वॉर्डांच्या चादरी. कुणाला सांगू, काय सांगू. माल न्यायला भाड्याचा टेम्पो लावला. त्याला धूर नाही.

४ मार्च

पिकअप मिस्त्री घेतोय. उद्या नेणार. दादाने स्वतःच सांगितलं, अंगणात उभी राहिली की मला तिच्यात बसावंसं वाटतं, नेऊ दे.

वहिनी कुबड्यांवर घरी आली. डॉक्टर म्हणाले चालेल, पण पाय ओढत चालेल. दादा तिचा आवाज ऐकून उठला आणि दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. पांढऱ्या भिंतीत पांढरं दार, त्याला काय कळणार? लाँड्री काढली तेव्हा सगळं घर मीच पांढरंफेक करून घेतलं होतं. नळ कुठे, पायरी कुठे, काही कळत नाही. रोज कुठेतरी आपटतो आणि लागलं नाही म्हणतो.

५ मार्च

सकाळी मिस्त्री यायच्या आधी मी पिकअपच्या मागे बसले आणि सायलेन्सरमध्ये हात घातला. आतून चमच्याने खरवडून खरवडून काजळी काढली. डबाभर निघाली. तेलात कालवली, थोडा डिंक घातला. काका म्हणाले, ताई, बाजारात काळा रंग मिळतो की. मी म्हटलं, मिळतो.

गाडी गेली. दादा अंगणात बाजेवर बसून आवाज ऐकत होता. कोपऱ्यावर वळेपर्यंत कान लावून होता. म्हणाला, दुसऱ्या गिअरला अजून ओरडते.

मग मी कामाला लागले. दाराच्या दोन्ही चौकटींवर काळी पट्टी ओढली. पायरीच्या कडेला ओढली. नळाच्या मागे, दिव्याच्या बटणाभोवती. माझ्या कोपरापर्यंत काळं झालं, दोरीवरच्या एका चादरीलाही लागलं. लागू दे. वहिनी खुर्चीत बसून सांगत होती, इथे जरा जाड ओढा, इथे त्यांचा हात पोचतो. दादा मान वर करून म्हणायचा, झाली का पट्टी? झाली, म्हटलं की म्हणायचा, हो, आता कळतंय दार कुठाय ते.

शेवटी मागची भिंत राहिली. तिथे आता गाडी लागायची नाही, पण भिंतीशेजारीच मोरी आहे, त्याला तिकडे जावं लागतं. मी बादली उपडी घालून बसले. केवढा काढावा, कुठून सुरुवात करावी, काही सुचेना. ब्रश सुकाच हातात धरून नुसती भिंतीकडे बघत राहिले. काळं अजून डब्यातच होतं.

दादाने बाजेवरून विचारलं, "काढतेयस का गं भिंतीवर?"

मी म्हटलं, "हो."

तो भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ बसला. मग हसला. खूप दिवसांनी हसला.

"दिसला. छान ठळक काढलायस, बारके. अगदी होता तस्साच."

वहिनीने माझ्याकडे बघितलं, मग कोऱ्या भिंतीकडे बघितलं. मी तिला ओठावर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं.

"हो," मी म्हटलं. "परातीएवढा काढलाय." आणि आवाज होणार नाही अशा बेताने ब्रश डब्यात बुडवला.